ट्रामचे गाडलेले रूळ : पुनर्वापर

ट्रामसेवा बंद झाल्यावर उखडण्याचा खर्च नको म्हणून जागेवरच सोडलेले आणि डांबराच्या थराखाली गेलेले रूळ पुन्हा उपयोगात आणण्याची पद्धत. असे रूळ सापडले की त्यांवरून पुन्हा गाडी धावेल अशी आशा लगेच पालवते. प्रत्यक्षात रूळ जसाच्या तसा वापरता येण्याचे प्रसंग फार थोडे असतात. बहुतेक वेळा हाती लागते ती मार्गाची आखणी, वळणांची माहिती आणि चांगले पोलाद.

गाडलेला रूळ बहुधा स्वतःच आपला पत्ता सांगतो. पोलाद आणि भोवतालचा भराव तापमानाने सारखे प्रसरण पावत नाहीत आणि वाहनांच्या भाराखाली सारखे दबतही नाहीत. त्यामुळे वरच्या डांबरावर गेजइतक्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराइतक्या, अंतराने दोन समांतर भेगा उमटतात. पक्की जागा जुन्या मार्गनकाशांवरून आणि भूवेधी रडारने ठरवतात, पण निर्णय चाचणी खड्ड्यावरच घ्यावा. शोध न घेता डांबर खरवडणारे यंत्र चालवले, तर त्याचे दात रुळाच्या माथ्यावर आपटून तुटतात.

खड्ड्यात गेज मिलिमीटरपर्यंत मोजतात, कारण नेहमीचे १४३५ मिमी गृहीत धरणे धोक्याचे आहे. ग्लासगोचे ट्रामगेज १४१६ मिमी होते. रेल्वेच्या वाघिणींनी चाकांच्या कडांवर, ट्रामरुळाच्या माथ्यात चाकाच्या कडेसाठी असलेल्या खोबणीतून चालावे म्हणून ते मुद्दाम कमी ठेवले होते. मग खोबणीतले डांबर आणि माती काढून तिची रुंदी व खोली पाहतात. माथा झिजत गेला की खोबणी उथळ होते आणि चाकाची कड तिच्या तळाला टेकू लागते. वरून गुळगुळीत, धडधाकट दिसणारा रूळ एवढ्या एका कारणाने बाद होऊ शकतो. रुळाचा पाया, म्हणजे त्याची खालची रुंद पट्टी, ओल्या भरावात गंजतो, म्हणून तो बाजूने उघडा करूनच पाहावा लागतो. आतल्या भेगांसाठी अल्ट्रासॉनिक तपासणी करतात. फिशप्लेटने, म्हणजे रुळांची टोके जोडणाऱ्या पोलादी पट्टीने, जोडलेल्या सांध्यांपाशी या भेगा अधिक सापडतात.

विद्युत ट्राम पुन्हा चालवायची असेल, तर सर्वांत मोठी अडचण झिजेची नसते, ती परतीच्या विद्युतप्रवाहाची असते. एकदिश प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून उपकेंद्राकडे परततो. जुने रूळ थेट काँक्रीटमध्ये किंवा खडीत बसवलेले असल्याने त्यातला काही प्रवाह जमिनीत गळतो, जवळच्या जलवाहिनीत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथले लोखंड खातो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर असा वाहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळते. म्हणून नव्या मार्गावर रुळाला रबराचे वेष्टन घालतात. जागच्या जागी गाडलेल्या रुळाला ते घालता येत नाही. रूळ उचलावाच लागतो. शिवाय ट्राम बंद पडल्यानंतर रुळांखालून गेलेल्या वाहिन्या आणि केबल हलवाव्या लागतात. हा खर्च नव्या रुळांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. नव्या गाड्या जुन्यांपेक्षा रुंद असल्या, तर दुहेरी मार्गावरील दोन रूळजोड्यांमधले अंतरही अपुरे पडते.

सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटवरील नेहमीच्या गाड्या भुयारात गेल्या, तरी रस्त्यावरचे रूळ राखले गेले होते. १९८३ पासून काही उन्हाळे त्यांवर जुन्या गाड्या चालवल्या आणि १९९५ मध्ये नियमित एफ मार्ग सुरू झाला. त्याआधी तिथलेही रूळ बदलावे लागले. वॉशिंग्टनमध्ये ट्रामसेवा १९६२ मध्ये संपली. तिथे जॉर्जटाउनच्या ओ आणि पी रस्त्यांवर रूळ आणि दगडी फरसबंदी काढून, दुरुस्त करून, वारसा म्हणून पुन्हा बसवली आहे. अशा ठिकाणी गाडी धावणार नसेल, तर खोबणी भरून घेणे अत्यावश्यक आहे, कारण सायकलचे चाक तिच्यात अडकते आणि ओल्या पोलादावरून घसरते.

उखडताना रुळाच्या दोन्ही बाजूंना डांबर करवतीने कापतात, भराव फोडतात, दोन रुळांना जोडणाऱ्या आडव्या सळया तोडतात आणि मगच रूळ वायूज्योतीने कापतात. आजच्या ६०आर२ या खोबणीच्या रुळाचे वजन मीटरला सुमारे ६० किलो असते. म्हणजे त्याचा ९ मीटरचा तुकडा साडेपाचशे किलोच्या आसपास भरतो. जुना रूळ हलका असला, तरी क्रेन लागतेच. अडकून राहिलेला ताण सुटल्याने कापलेले टोक उसळते, तेव्हा कापणाऱ्याने त्याच्या रेषेत उभे राहू नये. जुन्या थरात कोळशापासूनचे डांबर असू शकते. त्याचा धूर घातक असल्याने नमुना आधी तपासावा आणि तो राडारोडा वेगळा ठेवावा.

चांगल्या तुकड्यांना मातीला आधार देणारे खांब, कुंपण किंवा संग्रहालयातील ट्राममार्ग यांत जागा मिळते. नव्या रुळाला जुना जोडायचा असेल, तर झिजलेल्या माथ्याची उंची जुळवून मगच थर्मिट वेल्डिंग (सांध्यात वितळलेले पोलाद ओतून जोडणे) करतात. पायरी राहिली तर प्रत्येक चाक तिथे आदळते आणि सांधा तुटतो. उरलेले पोलाद भट्टीत जाते.