सर्वांसमक्ष ठरलेले गुपित

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे माझे एक परिचित आहेत. त्यांच्या अकाउंटंट बाईंनी आठवड्यातले तीन दिवस गंगापूर रोडवरील घरून काम करण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली. त्यांचा मुद्दा असा, की टॅलीतील आकडे, कामगारांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक कितीतरी परक्या यंत्रांतून घरी पोहोचणार. कुलूप लावून पाठवावेत, तर किल्लीही त्याच वाटेने धाडावी लागणार, मग कुलपाचा उपयोग काय? ही शंका अडाणीपणाची मुळीच नाही. १९७० च्या दशकापर्यंत गुप्तलेखनाच्या तज्ज्ञांनाही तिने छळले होते आणि परदेशी वकिलातींना संकेताच्या किल्ल्या विश्वासू दूताहाती पाठवाव्या लागत होत्या.

किल्ली पाठवण्याची गरजच नाही, हे १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी जाहीर केले. (ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील माल्कम विल्यमसन यांना ही युक्ती त्याआधीच सुचली होती, पण ती बातमी १९९७ पर्यंत कपाटबंद राहिली.) युक्ती इतकी देखणी आहे, की वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ती स्वतः करून पाहावी.

बाईंचा लॅपटॉप आणि कारखान्यातील सर्व्हर प्रथम २ आणि १९ या दोन संख्या उघडपणे ठरवतात. लॅपटॉप मनाशी ५ धरतो, २ चा पाचवा घात म्हणजे ३२ काढतो, त्याला १९ ने भागतो आणि उरलेली बाकी १३ पाठवून देतो. सर्व्हर मनाशी ७ धरतो. २ चा सातवा घात १२८, त्याची बाकी १४, ती तो पाठवतो. आता लॅपटॉप आलेल्या १४ चा पाचवा घात काढतो, तो येतो ५,३७,८२४ आणि १९ ने भागल्यावर बाकी उरते १०. सर्व्हर आलेल्या १३ चा सातवा घात काढतो, तो येतो ६,२७,४८,५१७ आणि बाकी पुन्हा १०! ही १० संख्या तारेवरून एकदाही गेली नाही, तरी कुलपाची किल्ली म्हणून दोघांच्या हाती आली. कारण शाळेतलेच आहे: घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार होतो, आणि पाच साते किंवा सात पाचे, उत्तर एकच.

वाटेत कान लावून बसलेल्याला २, १९, १३ आणि १४ एवढे कळले. २ च्या कितव्या घाताची बाकी १३ येते, हे त्याला शोधायचे आहे; पण बाक्यांची रांग २, ४, ८, १६, १३, ७, १४, ९, १८, १७ अशी उड्या मारत जाते, त्यामुळे जवळ आलो की दूर गेलो हेच समजत नाही. १९ साठी अठरा प्रयत्न पुरतात. प्रत्यक्षात मात्र १९ च्या जागी सुमारे ६१७ अंकी मूळ संख्या असते. तिथे घात काढायला संगणकाला काही हजार गुणाकार पुरतात, उलट दिशेने जाण्याची झटपट रीत मात्र साध्या संगणकासाठी कोणाला सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही आणि पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे गणित सोडवू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले आहे. (ज्यांना समूह सिद्धान्त ठाऊक आहे, त्यांनी इथे चक्रीय समूह आणि त्याचा जनक ओळखला असेल, आजकाल हाच खेळ लंबवर्तुळी वक्रांवरील बिंदूंवर, बऱ्याच लहान संख्यांनी खेळतात.)

सार्वजनिक इंटरनेटमधून दोन यंत्रांदरम्यान खासगी वाट काढणाऱ्या व्हीपीएन नावाच्या बोगद्याच्या मुळाशी हेच गणित असते. फुकटच्या व्हीपीएन ॲपच्या जाहिरातीतील ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द मात्र सर्व्हरच्या कपाटाला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या पंक्तीतले आहेत. बँकेच्या साध्या संकेतस्थळावरही त्याच प्रतीचे कुलूप असते, आणि अशा ॲपच्या बोगद्याचे दुसरे तोंड कारखान्यात उघडत नाही, कोणा अनोळखी माणसाच्या अंगणात उघडते.

खरी फट वेगळीच आहे. पलीकडे कोण आहे, हे वरचे गणित सांगत नाही. मध्ये बसलेला ठक लॅपटॉपशी एक आणि सर्व्हरशी दुसरे गुपित ठरवून दोन्हीकडचा मजकूर आरामात वाचू शकतो. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल ब्राउझरने दिलेला लाल इशारा अशाच ठकाच्या शक्यतेविषयी असतो, आणि आपण घाईत ‘तरीही पुढे जा’ दाबतो.

परिचितांनी अखेर वायरगार्ड नावाची व्हीपीएन व्यवस्था बसवून घेतली. तिच्यात प्रत्येक यंत्राची एक जाहीर किल्ली असते, ४४ अक्षरांची एक ओळ. तिच्यावरून पलीकडचे यंत्र ओळखले जाते, आणि त्यानंतर काम चालू असताना साधारण दर दोन मिनिटांनी वर सांगितल्यासारखे गुपित नव्याने ठरते. बाई कंपनीने दिलेला लॅपटॉप घेऊन एकदा अंबडला गेल्या, सर्व्हरची ओळ त्यांनी तिथेच भरली, आणि परिचितांनी ती एकेक अक्षर मोठ्याने वाचून पडताळली. शेजारी चहा घेऊन आलेला पोऱ्या ते सगळे ऐकत होता, आणि त्याने काही बिघडणार नव्हते.