अथेन्सचा आर्कन होण्यासाठी: पात्रता, साक्षीदार आणि छाननी

इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सला दर वर्षी 9 आर्कन, म्हणजे नगराचे वरिष्ठ अधिकारी, आणि त्यांचा एक चिटणीस लागे. नागरिकांचे 10 गण होते, प्रत्येक गणातून एक. निवडणूक नाही, सोडत. पण सोडतीत नाव निघालं की लगेच खुर्ची मिळत नसे. आधी दोकिमासिया, म्हणजे छाननी.

उमेदवार नागरिकच हवा. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या इ.स.पू. 451 च्या कायद्यापासून त्यासाठी आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असावे लागत. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले अपात्र. ॲरिस्टॉटलने इथे शाळा चालवली, पण तो स्टॅगिराचा, त्यामुळे तोही अपात्रच. जुना कायदेकर्ता सोलोन याने उत्पन्नावरून पाडलेल्या 4 वर्गांपैकी तिसऱ्या वर्गाला हे पद इ.स.पू. 457 मध्ये खुलं झालं. शेवटच्या, म्हणजे सर्वांत गरीब, थेतेस वर्गाला कायद्याने मनाई होती, मात्र पुढे पुढे वर्ग विचारला तर ‘थेतेस’ असं कुणीच सांगत नसे.

कागदपत्रं काही लागत नसत. लागत ते साक्षीदार. पाचशे नागरिकांच्या कारभारी सभेत उमेदवाराला विचारत: वडील कोण, कुठल्या गावचे? वडिलांचे वडील? आई कोण, तिचे वडील कोण, कुठल्या गावचे? कुळाचा अपोलो आणि अंगणाचा राखणदार झ्यूस यांची देवस्थानं आहेत का, कुठे आहेत? घराण्याच्या समाध्या कुठे? सोयरीक जुळवताना कूळ आणि कुलदैवत विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे प्रश्न परके वाटणार नाहीत. मग: आईवडिलांना नीट सांभाळतोस का? कर भरतोस का? मोहिमांवर गेला होतास का? मला यात आईवडिलांचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांना न पोसणाऱ्याला अथेन्समध्ये सर्व नागरिकांच्या सभेत बोलायचाही हक्क नव्हता.

उत्तरं झाली की साक्षीदार बोलवायचे. मग पुकारा होई: कुणाची हरकत आहे का? हरकत असेल तर आरोप आणि बचाव ऐकून सभा हात वर करून कौल देई. त्यानंतर आर्कनांची छाननी न्यायालयात पुन्हा एकदा होई. पूर्वी हरकत नसली तर एकच पंच नावापुरतं मत टाकत असे. पुढे सर्वांनी मत देणं सक्तीचं झालं, म्हणजे एखाद्या लबाडाने तक्रारदारांना आधीच गप्प केलं असलं तरी पंच त्याला नाकारू शकत.

पास झालेला आर्कन बळीचे तुकडे ठेवलेल्या शिळेवर उभा राहून शपथ घेई: कायद्याने वागेन, भेटवस्तू घेणार नाही, घेतली तर सोन्याचा पुतळा अर्पण करीन. तिथून ॲक्रोपोलिसवर जाऊन तीच शपथ पुन्हा. मुदत एक वर्ष, तीही आयुष्यात एकदाच. वर्ष संपलं की हिशेब तपासनिसांपुढे ठेवायचे, आणि ते निर्दोष ठरले तर अरिओपागस या माजी आर्कनांच्या मंडळात तहहयात जागा.