डंडी: चर्चिलना घरी पाठवणारा मतदारसंघ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी वसलेले डंडी हे जेमतेम दीड लाख वस्तीचे शहर. लंडनच्या संसदेत या शहराला १८३२ पासून स्वतंत्र प्रतिनिधित्व आहे. या काळात लिबरल, मजूर आणि स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी या तीन पक्षांनी आळीपाळीने डंडीला आपली जहागीर मानले. पहिल्या दोघांची जहागीर खालसा झाली आहे आणि तिसऱ्याची २०२४ मध्ये थोडक्यात वाचली. ब्रिटिश निवडणुकांच्या इतिहासात डंडीचे नाव येते ते बहुधा एकाच वाक्यात: १९२२ साली इथे विन्स्टन चर्चिल एका दारूबंदीवाल्याकडून हरले. वाक्य खरे आहे, पण त्यातून होणारा समज पुरता खरा नाही.

१८३२ पूर्वी डंडीला स्वतःचा खासदार नव्हता. पर्थ, डंडी, फॉरफर, कूपर आणि सेंट अँड्र्यूज या पाच नगरांना मिळून एक जागा होती आणि मतदान करायचे ते नगरपालिकांच्या प्रतिनिधींनी. त्या नगरपालिकाही लोकांनी निवडलेल्या नसत. जुने सभासदच नवे सभासद नेमत. १८३२ च्या सुधारणा कायद्याने डंडीला स्वतंत्र जागा दिली आणि शहराने पहिला खासदार निवडला तो जॉर्ज किनलॉक. हा गृहस्थ जमीनदार, पण मताने जहाल. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड मैदानावर घोडदळाने सभेवर हल्ला केला (हेच पीटरलूचे हत्याकांड), त्याच्या निषेधार्थ किनलॉक यांनी डंडीच्या मॅग्डलेन ग्रीनवर भाषण केले. राजद्रोहाचा खटला उभा राहताच ते फ्रान्सला पळाले आणि इकडे त्यांना फरारी घोषित करण्यात आले. पुढे माफी मिळाली, ते परतले आणि ज्या सरकारने फरारी ठरवले होते त्याच्याच संसदेत जाऊन बसले. मात्र काही महिन्यांतच, मार्च १८३३ मध्ये, त्यांचे निधन झाले. अल्बर्ट स्क्वेअरमध्ये आजही त्यांचा पुतळा आहे.

त्यानंतरची सत्तर वर्षे लिबरलांची. नावे बदलत गेली, पक्ष तोच राहिला. या काळातल्या दोनच गोष्टी पुढच्या कथेसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे ताग. बंगालचा कच्चा ताग जहाजांनी डंडीला यायचा, देवमाशाच्या तेलात मऊ केला जायचा आणि पोती, किंतान, तंबूचे कापड होऊन जगभर जायचा. गिरण्यांत स्त्रिया आणि मुले कमी पगारात मिळत, म्हणून कामगारांत बायकाच जास्त. कितीतरी घरांत बाई गिरणीत आणि पुरुष घरी चहाचे आधण ठेवतो, असा उलटा संसार. अशा पुरुषांना गावात ‘केटल-बॉयलर’ म्हणत. लॉकी नावाच्या उपनगरात कॉक्स बंधूंची प्रचंड कॅम्परडाउन गिरणी होती आणि तिच्याभोवती दुष्काळानंतर आलेल्या आयरिश कॅथलिकांची दाट वस्ती. पुढे कलकत्त्यात हुगळीकाठी गिरण्या उभ्या राहिल्या, त्या उभारायला आणि चालवायला डंडीचेच तंत्रज्ञ गेले, आणि डंडीच्या धंद्याला घसरण लागली. डंडीचा मतदार समजून घ्यायचा तर या गिरण्यांपासून सुरुवात करावी लागते.

दुसरी गोष्ट १८६८ ची. त्या वर्षी डंडीला दुसरी जागा मिळाली, पण शहराचे दोन भाग झाले नाहीत. मतदारसंघ एकच, खासदार दोन, प्रत्येक मतदाराला दोन मते, आणि ती वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. सर्वाधिक मते मिळवणारे पहिले दोघे निवडून येत. दुसरे मत न वापरण्याचीही मुभा होती. आपल्याकडे पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत अशा द्विसदस्य जागा होत्या, फक्त त्यांतली एक राखीव असे. १९५२ ची उत्तर मुंबई आठवावी: तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले आणि त्यांचे जोडीदार, समाजवादी अशोक मेहताही पडले. मतदार आपले दुसरे मत कुठे टाकतो यावर अशा निवडणुकीत सारा खेळ असतो. डंडीत १९५० पर्यंत हाच खेळ चालू होता.

१९०६ मध्ये त्याचा पहिला झटका बसला. लिबरल एडमंड रॉबर्टसन यांच्याबरोबर दुसरी जागा जहाजबांधणी कामगारांचे नेते अलेक्झांडर विल्की यांनी मजूर पक्षासाठी जिंकली. स्कॉटलंडमधून निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या पहिल्या दोन खासदारांपैकी ते एक.

दोन वर्षांनी चर्चिल आले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नव्याने मंत्री झालेल्या खासदाराला पुन्हा लोकांपुढे जावे लागे. व्यापारमंत्री झालेल्या चर्चिलना मँचेस्टरच्या मतदारांनी एप्रिल १९०८ मध्ये नाकारले. मंत्रिपद टिकवायचे तर दुसरी जागा हवी. पक्षाने रॉबर्टसन यांना उमराव करून वरच्या सभागृहात पाठवले आणि डंडीची जागा मोकळी केली. हे अगदी आपल्याकडच्यासारखे झाले! ९ मे रोजी पोटनिवडणूक झाली. चर्चिलना ७,०७९, बॅक्स्टर यांना ४,३७०, मजूर पक्षाच्या स्टुअर्ट यांना ४,०१४ आणि चौथ्या उमेदवाराला अवघी ६५५ मते पडली. प्रचारात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मेरी मलोनी चर्चिल यांच्या सभेत हातघंटा घेऊन आल्या आणि ते बोलू लागले की घंटा वाजवत. शेवटी त्यांना भाषण सोडून द्यावे लागले. तरीही जागा मिळाली. ही जन्मभराची जागा आहे आणि स्वस्तातही पडते, असे चर्चिलनी खाजगी पत्रात लिहिले.

चौथे आलेले गृहस्थ होते एडविन स्क्रिमजर. स्थानिक, कट्टर ख्रिस्ती, नगरपालिकेत गाजलेले. १९०१ मध्ये त्यांनी स्कॉटिश प्रोहिबिशन पार्टी काढली होती. दारूची विक्री सरसकट बंद करा ही त्यांची मुख्य मागणी, पण तेवढीच नव्हे. गरिबांना मदत, बेकारांना काम, मोठ्या उद्योगांची सार्वजनिक मालकी हेही ते मांडत, आणि पहिल्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला. १९१० च्या दोन्ही निवडणुकांत ते उभे राहिले आणि पडले. १९१७ मध्ये चर्चिल युद्धसामग्रीमंत्री झाले, म्हणून पुन्हा पोटनिवडणूक लागली. युद्धकाळात इतर पक्षांनी उमेदवार दिले नाहीत, स्क्रिमजर मात्र उभे राहिले. चर्चिल ७,३०२, स्क्रिमजर २,०३६. १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्क्रिमजर यांची मते १०,४२३ वर गेली. निकाल पाहून लिबरल कार्यकर्ते हसत असतील. मला तर आकड्यांची ही चढण पाहून त्यांना भीती कशी वाटली नाही याचेच नवल वाटते.

दरम्यान डंडी बदलत होती. १९१८ च्या कायद्याने सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बहुसंख्य स्त्रियांना मत मिळाले. गिरणीतल्या बाया आता मतदार झाल्या. युद्धात वाळूच्या पोत्यांमुळे तागाचा धंदा तेजीत होता, युद्ध संपताच तो कोसळला आणि बेकारी पसरली. आयर्लंडमध्ये ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या ब्रिटिश दलाने केलेल्या अत्याचारांचे खापर लॉकीच्या आयरिश मतदारांनी तेव्हाचे युद्धमंत्री चर्चिल यांच्यावर फोडले. रशियातल्या क्रांतीविरोधात सैन्य पाठवण्याचा त्यांचा आग्रह कामगारांना खुपत होताच. जुलै १९२० मध्ये चर्चिलनी जालियनवाला बागेतील गोळीबारावरून डायरचा कडक शब्दांत निषेध केला, तेव्हा तेही डंडीचेच खासदार म्हणून बोलत होते. पण डंडीच्या मतपेटीवर या भाषणाचा बरावाईट परिणाम झाल्याचे काही दिसत नाही.

आणखी एक भानगड वर्तमानपत्रांची. ज्यूट, जॅम आणि जर्नालिझम यांवर जगणारे शहर अशी डंडीची ख्याती. लिबरलांचे ‘अ‍ॅडव्हर्टायझर’ आणि हुजूरांचे ‘कुरियर’ ही गावातली दोन्ही पत्रे एकाच मालकाकडे, डी. सी. थॉमसन यांच्याकडे, गेली होती. (मुलांचे ‘बीनो’ साप्ताहिक पुढे याच घराण्याने काढले.) थॉमसन आणि चर्चिल यांचे बिनसले आणि दोन्ही पत्रे दोन बाजूंनी चर्चिलवर तुटून पडली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचे सरकार पडले आणि निवडणूक लागली. नेमके तेव्हाच चर्चिल यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. प्रचाराला पत्नी क्लेमेंटाइन गेल्या, दीड-दोन महिन्यांच्या मेरीला कडेवर घेऊन. मतदानाला चार दिवस उरले असताना चर्चिल पोचले. त्यांना खुर्चीतून उचलून नेत होते, भाषणही बसूनच. ड्रिल हॉलच्या सभेत इतका गोंधळ झाला की भाषण आटोपते घ्यावे लागले.

१५ नोव्हेंबरच्या मतदानाचा निकाल असा लागला: स्क्रिमजर ३२,५७८, मजूर पक्षाचे ई. डी. मोरेल ३०,२९२, नॅशनल लिबरल (लॉइड जॉर्ज यांच्या गटाचे) मॅकडोनल्ड २२,२४४, चर्चिल २०,४६६, दुसऱ्या लिबरल गटाचे पिल्किंग्टन ६,६८१ आणि कम्युनिस्ट विली गॅलेकर ५,९०६.

आता दोन मतांचे गणित पाहावे. मजूर पक्षाने मोरेल हा एकच उमेदवार दिला होता. मोरेलना मत देणाऱ्याकडे दुसरे मत उरत होते. ते गॅलेकरना द्यायला कॅथलिक आणि मवाळ कामगार तयार नव्हते, चर्चिलना देण्याचा तर प्रश्नच नव्हता. उरले स्क्रिमजर: गावातले, ओळखीचे, युद्धविरोधी, गरिबांच्या बाजूचे. शिवाय दारूचा तिटकारा असलेली चर्चमधली काही लिबरल मंडळीही त्यांच्याकडे वळली. म्हणून मोरेल आणि स्क्रिमजर यांचे आकडे एकमेकांना इतके चिकटून आहेत. डंडीने दारू सोडायची ठरवली म्हणून हा निकाल लागला नाही. गिरणी कामगारांच्या शहराने आपली दोन्ही मते एका बाजूला टाकली. चर्चिल तर आपल्याच गटाच्या जोडीदारापेक्षा, मॅकडोनल्डपेक्षा, १,७७८ मतांनी मागे पडले, म्हणजे राग पक्षापेक्षा माणसावर जास्त होता. खुद्द चर्चिल यांची प्रतिक्रिया समंजस होती. डंडीच्या लोकांना कसले जिणे जगावे लागते हे पाहिले तर त्यांना दोष देता येणार नाही, अशा आशयाचे त्यांनी एका सहकाऱ्याला लिहिले. मंत्रिपद नाही, मतदारसंघ नाही, पक्ष नाही आणि आंत्रपुच्छही नाही, ही त्यांची कोटी तर प्रसिद्धच आहे. पण अढी दोन्हीकडे राहिली. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, डंडी नगरपालिकेने पंतप्रधान चर्चिलना मानाचे नागरिकत्व देण्याचा ठराव केला, तोही १६ विरुद्ध १५ अशा एका मताने. चर्चिलनी ते नाकारले.

स्क्रिमजर १९३१ पर्यंत खासदार होते. केवळ दारूबंदीच्या पक्षावर ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला दुसरा कोणी झाला नाही. १९२३ मध्ये त्यांनी दारूबंदीचे विधेयक आणले, त्याला सभागृहात १४ मते मिळाली.

१९३१ च्या लाटेत दोन्ही जागा अनेक पक्षांच्या ‘राष्ट्रीय सरकार’च्या समर्थकांना गेल्या: लिबरल डिंगल फूट (पुढे मजूर पक्षाचे नेते झालेल्या मायकल फूट यांचे थोरले बंधू) आणि हुजूर पक्षाच्या फ्लॉरेन्स हॉर्सब्रा. डंडीच्या या पहिल्या स्त्री खासदार. राजाच्या अभिभाषणावर आभाराचा ठराव मांडणारी पहिली स्त्रीही त्याच, १९३६ मध्ये. १९४५ ला दोघेही मजूर पक्षापुढे पडले. १९५० मध्ये द्विसदस्य पद्धत देशभर संपली आणि शहराचे डंडी पूर्व व डंडी पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले. पश्चिमेत जॉन स्ट्रेची, त्यांच्या निधनानंतर पीटर डॉइग, पुढे एर्नी रॉस. मजूर पक्षाची ही जागा पासष्ट वर्षे ढळली नाही.

पूर्वेत मात्र आधीच तडा गेला. खासदार जॉर्ज थॉमसन युरोपीय आयोगावर गेले आणि मार्च १९७३ मध्ये पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाने जागा राखली, पण स्कॉटिश नॅशनल पार्टीचे गॉर्डन विल्सन जवळजवळ पोचले होते. उत्तर समुद्रातल्या तेलाचा पैसा लंडनला का जावा, हा प्रश्न तेव्हा घरोघरी होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये विल्सन जिंकले. १९७९ मध्ये पक्षाचे अकरापैकी नऊ खासदार वाहून गेले; उरलेल्या दोघांत ते होते आणि त्याच वर्षी पक्षाध्यक्षही झाले. १९८७ ला ते हरले. पूर्वेची जागा पक्षाने परत मिळवली २००५ मध्ये, स्ट्युअर्ट होझी यांनी, ३८३ मतांनी.

२०१४ च्या स्वातंत्र्य-सार्वमतात स्कॉटलंडने नकार दिला, पण डंडीत ५७ टक्के लोक बाजूने होते, देशात सर्वाधिक. पुढच्या वर्षी पश्चिमेची जागाही क्रिस लॉ यांनी मजूर पक्षाकडून घेतली.

२०२४ मध्ये सीमा बदलल्या. डंडी पूर्व आणि डंडी पश्चिम ही नावे गेली. शहराचा बराच भाग डंडी सेंट्रलमध्ये आला आणि पूर्वेकडची पट्टी आर्ब्रोथ अँड ब्रॉटी फेरीला जोडली गेली. स्कॉटिश नॅशनल पार्टी देशात ५७ पैकी ९ जागांवर घसरली, त्यांतल्या या दोन. डंडी सेंट्रलमध्ये क्रिस लॉ यांचे मताधिक्य होते ६७५.