ब्रिटिश अंडरग्राउंड नृत्यसंगीत : १५१ ते १६०चा मोकळा पट्टा

लंडन, ब्रिस्टल, मँचेस्टर, लीड्सच्या लहान क्लबांत आज एकच डीजे तासाभरात गराज, ग्राइम, डबस्टेप आणि जंगल हे नृत्यसंगीताचे वेगवेगळे प्रकार सगळे वाजवून मोकळा होतो. वीस वर्षांपूर्वी यातल्या प्रत्येकाची रात्र वेगळी, रेकॉर्डचे दुकान वेगळे, रेडिओ स्टेशन वेगळे आणि मिनिटाला पडणारे ठोकेही ठरलेले असत. शीर्षकातले आणि पुढचे वेगाचे आकडे याच ठोक्यांचे. यातून पुढे काय निघेल हे सांगायचे तर हे प्रकार मुळात वेगळे का पडले ते आधी पाहायला हवे. प्रतिभा होतीच. पण त्यांच्यामधल्या भिंती बऱ्याच अंशी यंत्रांनी, खोल्यांनी आणि कायद्याने घातल्या.

मूळ जमैकन साउंड सिस्टिमचे, म्हणजे हलवता येणाऱ्या अवजड स्पीकर-संचाचे. १९५०च्या दशकात ड्यूक विनने ती लंडनमध्ये आणली. कृष्णवर्णीयांना क्लबांत प्रवेश नाकारला जाई, म्हणून घराच्या तळघरात, रिकाम्या फ्लॅटमध्ये स्वतःचे स्पीकर उभे करून रात्री जागवल्या जात. तिथून तीन सवयी पुढच्या प्रत्येक प्रकारात उतरल्या : खर्ज कानापेक्षा छातीला लागला पाहिजे, माइकवर एमसी, म्हणजे संगीतावर शब्द म्हणणारा, हवा, आणि एखादे गाणे बाजारात येण्याआधी महिनोन् महिने एकाच माणसाकडे, एकाच डबप्लेटवर असावे. डबप्लेट म्हणजे लाखेचा थर दिलेली ॲल्युमिनियमची तबकडी. सुईखाली ती लवकर झिजते, पण दोन दिवसांपूर्वी केलेली चाल शनिवारी लोकांपुढे लावून पाहता येते. नाचणारे थंड राहिले, तर सोमवारी बदल करता येतो.

१९८८च्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या लाटेनंतर दोनतीन वर्षांत ब्रिटिश निर्मात्यांनी सरळ चार ठोक्यांवर अमेरिकन फंकचे तुटक ठेके चढवायला सुरुवात केली. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ठेका १९६९चा : द विन्स्टन्सच्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनचा, चार आवर्तनांचा, जेमतेम सात सेकंदांचा. त्या काळच्या आकाई एस९५० सॅम्प्लरची (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राची) मूळ स्मृती ७५० किलोबाइट होती, म्हणजे चांगल्या दर्जात दहाएक सेकंद. अख्खा आमेन त्यात मावत होता, हे त्याच्या प्रसाराचे एक व्यावहारिक कारण. मूळ वेग मिनिटाला १३६च्या आसपास. तो १६५वर नेला की सूर तीन ते साडेतीन अर्धस्वरांनी चढतो, म्हणून याच तुटक ठेक्यांतून घडलेल्या जंगलमधला स्नेअर, म्हणजे तडतडणारा ड्रम, इतका ताठ आणि टोकदार लागतो. सूर न चढवता वेळ ताणायची सोयही यंत्रात होती. ती फार ताणली की आवाजाला धातूची खरखर येते. निर्मात्यांनी ती खरखरच उचलून धरली. कोलमनला या साऱ्याचा एक पैसाही मिळाला नाही आणि २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला, हे या संगीताच्या खात्यावरचे न फिटलेले देणे आहे.

जंगलमध्ये ड्रम १६५वर धावतात आणि बास त्याच्या निम्म्या वेगाने चालतो. मिरवणुकीत ताशा तडतडत असताना ढोल संथ पडावा, तसे. नाचणारा हवा तो वेग पायांत घेतो. ही दुहेरी लय ब्रिटिश संगीताचा खरा पाया आहे आणि पुढचा प्रकारही तीवरच उभा राहील असे आम्हाला वाटते.

मे १९९२मध्ये इंग्लंडमधल्या कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंचा जमाव आठवडाभर नाचत राहिला. त्याची परिणती १९९४च्या क्रिमिनल जस्टिस कायद्यात झाली. उघड्यावरच्या रात्रीच्या संगीताची व्याख्या करताना त्यात ‘एकापाठोपाठ येणारे पुनरावृत्त ठोके’ असा स्पष्ट उल्लेख आला. संगीत पुन्हा शहरात, परवान्याच्या छताखाली आणि बेकायदा रेडिओवर गेले. १९९१ची कूल एफएम, १९९४ची रिन्स एफएम ही त्यांतली मोठी नावे. एका इमारतीतल्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ, दुसऱ्या उंच इमारतीच्या गच्चीवर ट्रान्समीटर आणि मध्ये बिनतारी जोडणी, अशी रचना असे. छाप्यात ट्रान्समीटर जाई, पण डेक आणि तबकड्या वाचत. रिन्सला कायदेशीर परवाना २०१० साली मिळाला. तोवर गराज, ग्राइम आणि डबस्टेप या तिन्हींची जडणघडण या लहरींवर झाली होती.

गराजची कथा तर थेट टर्नटेबलच्या वेग बदलण्याच्या पट्टीतच आहे. डीजेंच्या टेक्निक्स १२१० या टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो, त्यापलीकडे नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीची १२२ ठोक्यांची तबकडी पट्टी टोकाला नेऊन लावली की १३२ होते. लंडनचे डीजे रविवारी सकाळी नेमके हेच करत. गायिकेचा आवाज चिरका होई, म्हणून ते शब्द कमी असलेली डब आवृत्ती निवडत. पुढे स्थानिक निर्माते थेट १३०च्या पुढेच रचू लागले. तिसऱ्या ठोक्यावरची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) काढून ती अर्धी मात्रा पुढे सरकवली, हाय-हॅट (झांजा) किंचित मागे ओढले आणि टू-स्टेप हा गराजचा प्रकार तयार झाला.

आता तोच आठ टक्क्यांचा हिशेब बाकीच्यांना लावून पाहा. १४०ची, म्हणजे ग्राइम किंवा डबस्टेपची, तबकडी फार तर १५१पर्यंत चढते. १७४चे ड्रम अँड बेस, म्हणजे जंगलचा पुढचा अवतार, फार तर १६०पर्यंत उतरते. म्हणजे १५१ ते १६० हा पट्टा दोन्ही बाजूंना गैरसोयीचा. तिथे रचलेले गाणे त्याच्या मूळ वेगाने लावायचे तर मागेपुढे जोडायला तबकडीच मिळत नसे, म्हणून ड्रम अँड बेस १७४वर स्थिरावल्यावर तिथे कोणी फारसे रचत नसे. ड्रम अँड बेस आणि १४०वाले शेजारी असूनही परके राहिले, त्यात या नऊ ठोक्यांच्या दरीचा मोठा वाटा आहे.

ग्राइम हा एमसींच्या शब्दांभोवती उभा प्रकार पूर्व लंडनच्या बो भागात वाढला. फ्रूटी लूप्स हे संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर उघडले की त्यात १४०चाच वेग आधीपासून भरलेला असे, म्हणून ग्राइम १४०चे झाले, असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. गराज आधीच १३५च्या पुढे चढले होते आणि एमसींना त्या वेगावर सोळा आवर्तने म्हणायची सवय लागली होती. २००३ साली ग्राइमच्या डिझी रॅस्कलला मर्क्युरी हे संगीताचे पारितोषिक मिळाले. २००५पासून लंडन पोलिसांचा फॉर्म ६९६ आला, ज्यात आयोजकाकडून कलाकारांची नावे-पत्ते मागितले जात आणि सुरुवातीला प्रेक्षकांचा वंशही विचारला जाई. ग्राइमच्या रात्री त्याने अक्षरशः उजाड केल्या. तो रद्द व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडले. शेफील्डचा निश क्लब २००५ साली छापा पडून बंद झाला आणि बेसलाइन हा गराजमधून निघालेला प्रकार घर गमावून बसला.

डबस्टेप त्याच १४०वर, पण दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये, बिग ॲपल रेकॉर्ड्स या दुकानाभोवती जमलेल्या पोरांनी घडवले. स्नेअर फक्त तिसऱ्या ठोक्यावर, बाकी बरीचशी जागा रिकामी आणि खाली ४० ते ५५ हर्ट्झचा सब-बास, म्हणजे अतिखर्ज. पांढरी ४ हा षड्ज धरला तर सर्वांत खालचा उपयोगी सूर ४३.७ हर्ट्झवर येतो. त्याखाली बरेच सबवूफर ढेपाळतात आणि फार वर गेले की छातीवरचा दाब हरवतो. म्हणून या संगीतात त्या आसपासचे षड्ज वारंवार भेटतात.

४३.७ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे आठ मीटर असते. चार मीटर लांब खोलीत ही लहर दोन्ही भिंतींशी दाट आणि मधोमध जवळजवळ शून्य होते. निर्माता नेमका मधोमध बसतो, त्याला बास ऐकू येत नाही, तो वाढवत नेतो आणि क्लबमध्ये सगळे चिखल होते. उपाय सोपा आहे : खुर्ची लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवावी आणि १२० हर्ट्झखालचे सर्व मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखे, करावे. दोन बाजूंचा बास वेगवेगळा ठेवला तर मोनो सिस्टिमवर तो एकमेकांना खातो आणि तबकडी कापताना सुई उडते.

प्लास्टिक पीपल हा शोर्डिचमधला काळोखा, लहानसा क्लब आणि ब्रिक्स्टनमधली डीएमझीची रात्र, या दोन ठिकाणी डबस्टेप पिकले. जानेवारी २००६च्या बीबीसी रेडिओ १वरील मेरी ॲन हॉब्सच्या खास कार्यक्रमानंतर ते जगभर गेले. लॅपटॉपच्या स्पीकरवर ४४ हर्ट्झ ऐकूच येत नाही, म्हणून मोठ्या गर्दीसाठी रचणाऱ्यांनी बासचा जोर मधल्या पट्टीत, करकरीत आवाजात आणला. २०१०नंतरच्या अमेरिकन आवृत्तीत तेच उरले. मूळ मंडळींतले बरेच जण १३०कडे, फंकी (गराजनंतरचा ब्रिटिश प्रकार, अमेरिकन फंक नव्हे) आणि टेक्नोच्या सीमेवर सरकले. ऐकण्याचे साधन बदलले की संगीत बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

आता काय बदलले? डिजिटल डेकवर सूर न हलवता वेग हवा तितका फिरवता येतो. आठ टक्क्यांची भिंत पडली आणि १५१ ते १६०चा पट्टा उघडा झाला. शिकागोचे १६०वरचे फुटवर्क हे नृत्यसंगीत २०१०च्या सुमारास लंडनमध्ये रुजले, तेव्हा पहिली फट पडली. पुढे शेरेल, टिम रीपर, निया आर्काइव्ह्ज या डीजे-निर्मात्यांनी जंगल नव्या पिढीपुढे ठेवले. दुसऱ्या टोकाला गराजची लाट आली. सप्टेंबर २०२२मध्ये एलिझा रोझ आणि इंटरप्लॅनेटरी क्रिमिनल यांचे ‘बोटा’ हे गाणे ब्रिटिश विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. या लाटांत जुन्याची उजळणी बरीच आहे. नवे काही निघायचे तर ते या दोघांच्या मधल्या पट्ट्यात निघेल, असा आमचा कयास आहे.

तिथल्या अडचणीही खऱ्या आहेत. १५५वर सरळ चार किका ठेवल्या की युरोपीय हार्ड टेक्नो होते. आमेन ठेवला तर तो थकलेला वाटतो, कारण त्याचा तरतरीतपणा १६०च्या पुढे खुलतो. निम्म्या लयीत, ७७.५वर, नाचणारा धड डोलत नाही आणि धड उड्याही मारत नाही. यावर तीन-तीन-दोन अशी मात्रांची विभागणी उपयोगी पडते. सोका (कॅरिबियन नृत्यसंगीत) आणि फंकीतून ती ब्रिटिश कानाला ओळखीची आहे. बासची शेपटी मात्र आखडावी लागते. १५५वर दोन ठोक्यांत ३८७ मिलिसेकंदांचे अंतर असते, १४०वर ४२९. डबस्टेपची लांब नोट जशीच्या तशी आणली तर ती पुढच्या किकवर चढते आणि दोन्ही बुडतात.

दक्षिण आशियाई धागाही इथे आहे. १९९५ साली तबलावादक-निर्माता तलविन सिंगची ‘अनोखा’ ही रात्र लंडनमधल्या हॉक्स्टनच्या ब्लू नोट क्लबमध्ये भरत असे, जिथे मेटलहेड्झ या रेकॉर्ड लेबलच्या रविवारच्या ड्रम अँड बेसच्या रात्रीही होत. २०२०मध्ये स्थापन झालेला डेटाइमर्स हा समूह आज गराज, जंगल आणि भांगडा शेजारी लावतो. तबल्या-ढोलाचा नमुना वरून चिकटवण्यापेक्षा त्यांची विभागणी ठेक्याच्या हाडात गेली, तर १५५च्या कोड्याला इथूनही उत्तर मिळू शकते.

खोल्यांचा प्रश्न अधिक बिकट. प्लास्टिक पीपल जानेवारी २०१५मध्ये बंद झाला. सबडबची रात्र भरवणारे लीड्सचे वेस्ट इंडियन सेंटर, आग्नेय लंडनच्या औद्योगिक वसाहतीतला व्हेन्यू एमओटी, सॅलफर्डचा व्हाइट हॉटेल अशी ठिकाणे टिकून राहिली ती भाडे कमी आणि शेजार विरळ म्हणून. २०१८पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात असे तत्त्व आहे, की जुन्या क्लबशेजारी नवी घरे बांधणाऱ्यानेच आवाजरोधक व्यवस्था करावी. घरमालकाने भाडेकरार संपवला तर ते तत्त्व काही वाचवू शकत नाही.

ब्रिटनमध्ये वेगाला स्वतःचे नाव मिळते ते बहुतेकदा एमसीमुळे. गराजवर बोलणाऱ्यांना शब्दांसाठी जास्त जागा हवी होती, म्हणून ग्राइम रिकामे आणि कोरडे झाले. फंकीत एमसीच्या वाट्याला बहुतांशी नाचाच्या सूचनाच आल्या आणि तो प्रकार दोनतीन वर्षांत ओसरला. १४०साठी लिहिलेले कडवे १५५वर अकरा टक्के जलद म्हणावे लागते, श्वास घ्यायची जागा नाहीशी होते. १७४चे कडवे तेवढ्याच अंतराने सैल पडते. या पट्ट्यासाठीच लिहिलेली सोळा आवर्तने रेडिओवर दर आठवड्याला म्हटली जाऊ लागली, की प्रकार आकाराला येतोय असे समजावे.