चुलीतला च आणि चिमट्यातला च

नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरच्या एका बँकेत म्हशीच्या कर्जासाठी रांग लागली होती. उत्तरेकडून नुकताच बदलून आलेला साहेब जमेल तसं मराठीत विचारत होता, "चारा घरचा आहे का?" समोरचा म्हातारा हसला. "च्यारा न्हाई सायब, चारा." साहेब म्हणाला, "वही तो बोला, चारा." असं तीनदा झालं. शेवटी साहेबाने अर्जावर बोट ठेवलं, तिथे स्वच्छ छापलं होतं: चारा. म्हाताऱ्याचंही बरोबर आणि कागदाचंही! मागे उभ्या असलेल्या तेलुगू बियाणेवाल्याने मात्र पहिल्याच झटक्यात शब्द बरोबर उच्चारला. त्याच्या मराठीत म्हैस 'आला' होता, पण च पक्का होता.

आपल्या च, ज, झ या तीन अक्षरांत प्रत्येकी दोन आवाज राहतात. चुलीतला च म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. चिमट्यातला च म्हणताना जिभेचा पुढचा भाग वर उचलून टाळूला लागतो. एकदा हळूच 'चूल, चिमटा' म्हणून पाहा, जीभ हललेली कळेल. तसाच जात्यातला ज वेगळा, जिऱ्यातला वेगळा. व्याकरणाची पुस्तकं पहिल्याला दंततालव्य म्हणतात, दुसऱ्याला तालव्य. देवनागरीत मात्र दोघांना एकच खोली. ही लिपी संस्कृतच्या ध्वनींवर बेतलेली आहे आणि संस्कृतात चुलीतला च नव्हताच.

मग आपण वाचताना चुकत कसे नाही? कारण बहुतेक वेळा पुढचा स्वर सांगतो. इ आणि ए म्हणायला जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढावा लागतो, आणि तो आधीच्या च-जलाही ओढून नेतो. आजा म्हणा, मग आजी म्हणा. माझा, माझी. पायातला मोजा एक असला तर एक ज, दोन मोजे झाले की दुसरा. खर्च दातांजवळचा, पण माणूस खर्चिक निघाला की च टाळूला गेला! हा नियम कोणी शाळेत शिकवत नाही, आणि तीन वर्षांचं पोर तो मोडत नाही.

घोळ होतो तो संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांपाशी. ते स्वतःचा टाळूचा उच्चार घेऊनच आले. म्हणून विठोबाचे चरण टाळूचे आणि गुरांचं चरणं दातांजवळचं. 'अख्खं जग' आणि 'शंभर वर्षं जग' यांतले ज वेगळे. 'तो बाजाराला जात होता' आणि 'जात पडताळणी' यांतले तर वेगळे असलेच पाहिजेत, नाहीतर अनर्थ. आकड्यातला चार टाळूचा का, याचं उत्तर जुन्या दप्तरांत सापडतं. तिथे तो 'च्यार' असा लिहिलेला दिसतो. लिहिण्यातला य गेला, उच्चारातला राहिला.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते ती छची. याला दातांजवळचं जुळं भावंडच नाही. ते कुठे गेलं? ते स झालं. प्राकृतातला मच्छ मराठीत मासा झाला, हिंदीतली छुरी आपल्याकडे सुरी. पण इ किंवा ए पुढे आला की तिथे स न होता श झाला: छेत्तचं शेत झालं, मच्छिआची माशी. म्हणजे चुलीचा आणि चिमट्याचा तोच नियम. फक्त इथे लिपीकडे दोन अक्षरं होती, म्हणून तो डोळ्यांना दिसला. ससा पण सशाला, पैसा पण पैशाला, असं आपण लिहितो ते याच ओढीमुळे. तिथे पूर्वी य होता. (मासे आणि पैसे यांनी नियम धाब्यावर बसवला आहे, ते सोडा.)

आता त्या बियाणेवाल्याकडे येऊ. तेलुगूतही अगदी हीच वाटणी आहे. 'चाला', म्हणजे खूप, यात चुलीतला च. 'चेट्टु', म्हणजे झाड, यात चिमट्यातला. आपला जोंधळा तिकडे 'जोन्न', आणि दोन्हीकडे ज जात्यातलाच. तेलुगू लिपीत तर या दोन आवाजांसाठी वेगळी अक्षरंही होती. रोजच्या लेखनातून ती गेली, पण २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या यादीत, त्यांना जागा मिळाली. हिंदीत ही वाटणी नाही, कोकणीत आहे. मराठीने हा आवाज द्राविडी शेजारणीकडून घेतला की दोघींनी सोबतीने घडवला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. देगलूरच्या बाजारात उभं राहिलं की मला दुसरं खरं वाटतं, पण तो काही पुरावा नव्हे.

या आवाजाचा एक फायदा मराठवाड्याला चांगलाच झाला. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत चालायचे. उर्दूत 'ज़' लिहायला चार अक्षरं आहेत. ज़मीनमध्ये ज़े, ज़रामध्ये ज़ाल, अर्ज़मध्ये ज़्वाद, नज़रमध्ये ज़ोय. अरबीत ते चार निराळे आवाज होते, फारसीने त्यांचा एकच केला. हिंदीला तो दाखवायला अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा लागला. मराठीने जात्यातला ज पुढे केला आणि जमीन, जरा, अर्ज, नजर हे सगळे शब्द घरात घेतले. घेतल्यावर त्यांना घरचा नियमही लावला: अर्ज दातांजवळचा, अर्जी टाळूची. 'ज़िला' आला तो तर थेट जिऱ्यातल्या जने जिल्हा झाला.

पुढच्या बाजारी मी पुन्हा बँकेत होतो. साहेबाने मेहनत घेतली होती. 'चारा' अगदी फक्कड म्हणाला, म्हाताऱ्याने मान डोलावली. मग हप्ता सांगताना साहेबाने त्याच उत्साहात, चुलीतल्या चने म्हटलं, "चार हजार."

"ऱ्हाऊ द्या सायब," म्हातारा म्हणाला, "हिंदीतच सांगा."