बाखचा शाकॉन : तेरा मिनिटं की सतरा?

योहान सेबास्टियन बाखच्या, एकट्या व्हायोलिनसाठीच्या डी मायनर पार्टिटाचा, म्हणजे नाचांच्या मालिकेचा, शेवटचा भाग म्हणजे शाकॉन. कुणी तो तेरा मिनिटांच्या आसपास संपवतं. व्हायोलिनवादक हिलरी हानच्या १९९७च्या अल्बममध्ये मात्र त्याला सतराहून जास्त मिनिटं लागतात. स्वर तेच, २५७ बारही (ठोक्यांची छोटी आवर्तनं) तेच. एवढी तफावत दिसली की आपण वादकाच्या स्वभावावर सोडून मोकळे होतो. स्वभाव असतोच, पण या ध्वनिमुद्रणांच्या मागे कागदावर नेमकं काय लिहिलंय याचा जुना वाद आहे. तो ठाऊक असला की कोण काय करू बघतंय ते अधिक स्वच्छ ऐकू येतं.

एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची, म्हणजे तीन सोनाटा आणि तीन पार्टिटांची, सुवाच्य प्रत बाखने स्वतः केली. त्यावर १७२० साल आहे; तेव्हा तो जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारात नोकरीला होता. साथ नाही, हे त्याने शीर्षकातच लिहून ठेवलं. शाकॉन हा मुळात तीन ठोक्यांचा नाच. खर्जातला चार बारांचा फेरा पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावर विस्तार चालतो. तबल्याच्या एकलवादनातला लेहरा आठवावा, फक्त इथे लेहरा धरणारा आणि विस्तार करणारा माणूस एकच आहे, आणि लेहरा पुष्कळदा नुसता सुचवलेला असतो.

अडचण दोन ठिकाणी येते. तीन-चार तारांवरचे स्वरसमूह बाखने असे लिहिलेत की ते सगळे स्वर शेवटपर्यंत एकत्र टिकावेत, आणि व्हायोलिनच्या गजाला ते शक्य नाही. दुसरं, ८९व्या बारापासून तो सुरुवातीला नमुना दाखवतो, ‘आर्पेजिओ’ (स्वर एकामागून एक उलगडा) असा शब्द लिहितो आणि पुढे नुसते स्वरसमूह मांडत जातो. ते कसे उलगडायचे हे वादकाने ठरवायचं. ध्वनिमुद्रणं ताडून पाहायची तर मला या जागा सर्वांत उपयोगी वाटतात. इथे प्रत्येकाला काहीतरी निवडावंच लागतं.

या रचना छापून आल्या १८०२ मध्ये, बॉनच्या झिमरॉक या प्रकाशकाकडून. एकोणिसाव्या शतकाला एकटं व्हायोलिन अपुरं वाटत होतं. लाइपझिगमध्ये १८४० साली व्हायोलिनवादक फर्डिनांड डेव्हिडने शाकॉन वाजवला तेव्हा पियानोवर संगीतकार मेंडेल्सनची साथ होती. पुढे शूमननेही साथ लिहिली. ब्राम्सने १८७७ मध्ये तो पियानोवर आणला, पण फक्त डाव्या हातासाठी, म्हणजे मूळची ओढाताण कायम राहील असा. बुसोनीचं भव्य पियानो-रूपांतर नेमकं याच्या उलट टोकाचं. शाकॉन म्हणजे एखादं स्मारक, ही कल्पना याच काळात रुजली. नाच मागे पडला.

तो बिनसाथीचा मैफलीत रुळला त्यात व्हायोलिनवादक योझेफ योआखिमचा वाटा मोठा. बाखच्या हस्तलिखितावर बेतलेली त्याची आणि त्याचा सहकारी मोझर याची आवृत्ती १९०८ मध्ये निघाली. १९०३ मध्ये, म्हातारपणी, त्याने बाखचे दोन तुकडे तबकडीवर मुद्रित केले. त्यात शाकॉन नाही, ही हळहळ आहेच. पण त्या खरखरीतूनही एक गोष्ट कळते : स्वर बहुतांशी सरळ आहेत, कंप (व्हायब्राटो) फार थोडा. पुढच्या पिढीचा अखंड कंप ही ‘जुनी परंपरा’ नव्हेच.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. म्हणजे शाकॉनसाठी साधारण चार बाजू लागायच्या, आणि दर बाजूला थांबून तोच ताण पुन्हा उभा करावा लागायचा. आडोल्फ बुशची डी मायनर पार्टिटा १९२९ची. साही रचना प्रथम पूर्ण मुद्रित केल्या त्या येहुदी मेनुहिनने, १९३४ ते ३६ मध्ये. काम सुरू केलं तेव्हा तो अठराचा होता. १९५२ मध्ये तो भारतात आला, मुंबईत बी. के. एस. अय्यंगारांना भेटला आणि त्यांचा शिष्य झाला. १९५०च्या दशकात त्याने संपूर्ण संच पुन्हा मुद्रित केला. योगाभ्यासाने बाख सुधारला असं म्हणायचा मोह आवरावा. मला तरी पहिल्या संचातला बेधडकपणाच जास्त धरून ठेवतो.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि शाकॉन सलग ऐकता येऊ लागला. हायफेट्झ, मिलस्टाइन, शेरिंग, ग्रुमिओ या वादकांचे संपूर्ण संच त्यानंतरचे. याच सुमारास एक गमतीदार आडवळणही आलं. चारही स्वर एकदम वाजले पाहिजेत, तर बाखच्या काळचा गज खूप वाकडा असणार, असं काही विद्वानांनी धरलं होतं. अल्बर्ट श्वाइट्झरने ते मत उचलून धरलं. व्हायोलिनवादक एमिल टेलमान्यीने तसा गज बनवून घेतला आणि १९५४च्या सुमारास त्यावर साही रचना वाजवल्या. स्वर खरोखर एकत्र येतात, अगदी ऑर्गनसारखे. पण असा गज बाखच्या काळी होता याला पुरावा नाही.

खरा जुना गज आणि आतड्याच्या तारा घेऊन संपूर्ण संच प्रथम वाजवला सर्जिऊ लुकाने, १९७७ मध्ये. मागोमाग सिगिस्वाल्ड काउकनने. आतड्याच्या तारा कमी ताणाच्या, आणि पट्टी साधारण अर्ध्या स्वराने खाली. जुन्या गजाचा जोर टोकाकडे ओसरतो, म्हणून स्वरसमूह खालून वर झटकन उलगडतात, रेटले जात नाहीत. नाच परत आला तो इथे.

१९९०च्या दशकात उलटा ओढा सुरू झाला. बाख प्रवासात असताना, १७२०च्या जुलैत, त्याची पत्नी मारिया बार्बारा वारली. शाकॉन हे तिचं स्मरण आहे आणि त्यात स्तोत्रांच्या चाली दडल्या आहेत, असं संगीत-अभ्यासक हेल्गा थोने यांनी मांडलं. हिलिअर्ड एन्साम्बल या गायकचमूने त्या चाली व्हायोलिनसोबत गायलेलं ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्धही झालं. ऐकायला विलक्षण आहे. मात्र हस्तलिखितात याचा कुठेही उल्लेख नाही, आणि हाती आहे ती स्वच्छ केलेली प्रत. मूळ रचना त्याआधीचीही असू शकते.

हे सगळे थर एकाच माणसात ऐकायचे असतील तर व्हिक्टोरिया मुलोवा घ्यावी. मॉस्कोत घडलेल्या या वादिकेने पार्टिटा १९९०च्या दशकात मुद्रित केल्या होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संचात तिने आतड्याच्या तारा आणि बरोक, म्हणजे बाखच्या काळच्या घडणीचा, गज घेतला. दोन्हीतला ८९वा बार एकापाठोपाठ लावून ऐकावा.