सुप्त रक्त चाचणी

शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी. लक्षणे नसलेल्या माणसांमधून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे संशयित निवडण्यासाठी, म्हणजे चाळणीसाठी, ती वापरतात. हा रोग बहुधा पॉलिपपासून (आतड्याच्या अस्तरावरील मोडापासून) होतो. त्याला साधारण दहा वर्षे लागतात असे मानतात आणि त्या अवधीत मोठे पॉलिप अधूनमधून रक्त पाझरतात.

वाढते वय, आईवडील किंवा भावंडांना झालेला हाच रोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज व व्रण आणणारा दीर्घकालीन रोग), धूम्रपान, मद्य, लठ्ठपणा आणि प्रक्रिया केलेले मांस यांनी धोका वाढतो. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असलेल्यांना ही चाचणी पुरेशी नाही. त्यांनी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपीच (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे पाहण्याची तपासणी) करावी.

ग्वायकम झाडाच्या राळेने रक्त ओळखण्याची रीत सामान्यतः डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फान डेन (१८६४ च्या सुमारास) यांच्या नावे सांगतात. मात्र ‘सुप्त’ रक्तस्राव ही कल्पना रोगनिदानात रुजवली ती बर्लिनचे पचनरोगतज्ज्ञ इस्मार बोआस यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. राळ लावलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की हीममुळे (रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहयुक्त भागामुळे) निळा रंग येतो. तांबड्या मांसाने खोटा होकार आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खोटा नकार येऊ शकतो.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे या चाचणीचा लाभ पाहण्यासाठी केलेल्या तुलनात्मक अभ्यासात (१९९३) दरवर्षी तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३३ टक्के कमी आढळले. तेथे बहुतेक कागद पाण्याने भिजवून तपासल्याने होकार कित्येक पटींनी वाढले व पुष्कळांची कोलोनोस्कोपी झाली. तेव्हा हा लाभ बराचसा योगायोगाने सापडलेल्या गाठींचा, असा आक्षेप निघाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅम (इंग्लंड) व फ्यून (डेन्मार्क) येथील अभ्यासांत कागद न भिजवता, दर दोन वर्षांनी तपासूनही मृत्यू १५ ते १८ टक्के घटले. त्यामुळे लाभ चाचणीचाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आता फिट (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी रूढ आहे. ती केवळ मानवी ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधील प्रथिन) ओळखते, म्हणून पथ्य लागत नाही. जठरातून स्रवलेले ग्लोबिन वाटेत पचून जाते, त्यामुळे होकार सहसा मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतो. शौच पाण्यात पडण्यापूर्वी कागदावर झेलावे, काडी पृष्ठभागावर निरनिराळ्या ठिकाणी फिरवून नळीत बंद करावी. नळी उन्हात राहिली तर हिमोग्लोबिन विघटते व रक्त असूनही नकार येतो. उन्हाळ्यात ती फ्रिजमध्ये ठेवून लवकर पोचवावी. मासिक पाळीत नमुना घेऊ नये.

होकार आल्यावर ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणून फिट करणे ही सर्वांत घातक चूक होय. गाठ रोज पाझरत नाही, म्हणून दुसरा नकार पहिला होकार पुसत नाही. कोलोनोस्कोपी करावीच लागते. तीत पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी काढता येतो.

अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी चाळणी सुरू करण्याची शिफारस आहे: फिट दरवर्षी किंवा कोलोनोस्कोपी दहा वर्षांनी. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय चाळणी आराखड्यात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. शौचावाटे दिसणारे रक्त मूळव्याधीचे समजून अंगावर काढले जाते. असे रक्त किंवा लोहाच्या कमतरतेचा, कारण न सापडलेला रक्तक्षय असेल तर चाळणीची वाट न पाहता वैद्यकीय तपासणी करावी.